पाहुण्याची नजर

आमच्या शेजारचे काका-काकू गेल्या उन्हाळ्यात अकरा दिवसांत युरोपातले सहा देश पाहून आले. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्हां उभयतांना चहाचे आमंत्रण आले. चहाबरोबर फोटो असणार हे आम्ही ओळखून होतो. पण ते सातशे चाळीस असतील याची मात्र कल्पना नव्हती! काकांनी मोबाईल टीव्हीला जोडला आणि पडद्यावरून मनोरे, पूल, कारंजी, बर्फ आणि गाई यांची मिरवणूक निघाली. प्रत्येक मनोऱ्यापुढे काका उभे आणि प्रत्येक कारंज्यापुढे काकू. चारशेच्या सुमारास सौभाग्यवतींनी मला कोपराने ढोसले, कारण माझी मान पुढे कलू लागली होती.

झोप उडावी म्हणून मी विचारले, "काकू, या सगळ्यांत तुम्हांला सर्वांत जास्त काय आवडलं?"

काकू जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "हसाल तुम्ही. एका गावात आमची बस बंद पडली होती. समोर एक म्हातारी खिडकीतून रजई वाळत घालत होती. तिचं एक टोक सारखं निसटून खाली यायचं. मी पुढे झाले, ते टोक धरून तिच्या हातात दिलं. ती हसली, मी हसले. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. तेवढ्यात बस सुरू झाली. एवढंच. पण अजून तिचा चेहरा डोळ्यांसमोर येतो बघा."

"कोण म्हातारी?" काका चकित होऊन म्हणाले. "फोटो कुठाय तिचा?"

"नाही काढला," काकू म्हणाल्या.

घरी येता येता मी सौभाग्यवतींना म्हटले, "सातशे चाळीस फोटो एकीकडे आणि न काढलेला तो एक फोटो एकीकडे. प्रवासवर्णन आणि प्रवासातली कविता यांत फरक असतो तो हाच." त्यावर "आता इथे वर्ग घेऊ नका" असे उत्तर मिळाले. पण मराठीच्या प्राध्यापकाला वर्ग घेतल्यावाचून राहवत नाही. वाचकांनी तेवढे सोसून घ्यावे.

प्रवासवर्णन हा आपल्या मराठी माणसाचा आवडता वाङ्मयप्रकार. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे', पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' ही पुस्तके घराघरांत वाचली गेली. पण परदेशात लिहिलेली मराठी कविता कोणती, असे विचारले तर दहांपैकी नऊ जण एकच नाव घेतील: सावरकरांची 'सागरास'. 1909 साली इंग्लंडात ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर ती सुचली. आता गंमत अशी, की या कवितेत ब्रायटन नाहीच! तिथले किनारे, तिथली माणसे, तिथली हवा यांपैकी काही नाही. पायांशी समुद्र परका आहे, पण कवीला दिसते आहे ती समुद्रापलीकडची मायभूमी. त्याबद्दल कोण तक्रार करील? तो माणूस सहलीला गेला नव्हता. ज्याचा जीव घरी अडकला आहे त्याला परका देश दिसत नाही. त्याला घरच दुप्पट स्पष्ट दिसू लागते.

परदेशाची कविता म्हणजे अशी घराची कविता होऊ शकते. पण दुसरीही एक जात आहे. तिच्यात कवी पाहुणा म्हणून जातो आणि यजमानाच्या घरातली एखादी लहानशी वस्तू हातात घेऊन विचारतो, "हे काय आहे हो? याला तुम्ही काय म्हणता?"

या जातीचे एक सुंदर उदाहरण रवींद्रनाथांचे आहे. 1924 साली ते पेरू देशाच्या निमंत्रणावरून दक्षिण अमेरिकेला निघाले होते. वय त्रेसष्ट. वाटेतच प्रकृती बिघडली आणि अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेस शहरी त्यांना थांबावे लागले. पेरू राहिले ते राहिलेच. तिथे व्हिक्टोरिया ओकाम्पो नावाच्या विदुषीने त्यांची सर्व व्यवस्था केली. तिने 'गीतांजली' फ्रेंच भाषांतरात वाचली होती. शहराजवळ सान इसिद्रो येथे, प्लाता नदीच्या काठावर, एका घरात रवींद्रनाथ जवळजवळ दोन महिने राहिले. नदी एवढी रुंद की पलीकडचा तीर दिसत नाही. तिथे रोज कविता होऊ लागल्या. 1925 साली त्या 'पूरबी' या संग्रहात आल्या. संग्रह 'विजया'ला अर्पण केलेला आहे. व्हिक्टोरियाला रवींद्रनाथांनी दिलेले ते बंगाली नाव.

त्या संग्रहात 'बिदेशी फूल' नावाची एक कविता आहे. परक्या भूमीतल्या फुलाशी कवी बोलतो, त्याचे नाव-गाव विचारतो. जगभर सत्कार झालेला हा महाकवी. पण त्या फुलापुढे त्याला आपली ओळख सांगून चालत नाही. फुलाला कुठे ठाऊक नोबेल पारितोषिक? मला तर वाटते, परदेशात गेलेल्या माणसाला मिळणारा सर्वांत मोठा लाभ हाच. तिथे आपल्याला कोणी ओळखत नसते. आपण कोणाचे साहेब नसतो, कोणाचे सर नसतो. लहान मुलासारखे प्रत्येक वस्तूचे नाव विचारत फिरायचे! आमच्या काकूंनी तरी निराळे काय केले? रजईचे टोक धरताना त्या कोणाच्या काकू नव्हत्या, कोणाच्या सासूबाई नव्हत्या. दोन बायका होत्या आणि एक रजई होती.

प्रवास आणि कविता यांचे लग्न लावणारा जगातला एक मोठा भटजी म्हणजे जपानचा बाशो. 1689 च्या वसंत ऋतूत, पंचेचाळिशीच्या घरातला हा कवी आपली झोपडी विकून एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, उत्तरेकडे निघाला. बरोबर सोरा नावाचा एक शिष्य. पाच महिने आणि सुमारे 2,400 किलोमीटर वाट, बहुतेक पायी. त्या यात्रेवरून 'ओकु नो होसोमिची', म्हणजे 'उत्तरेकडची अरुंद वाट', हे पुस्तक झाले. 1694 साली बाशो वारला आणि पुस्तक छापून निघाले ते 1702 मध्ये. पुस्तक अगदी लहान. थोडे गद्य, मग एक हायकू. पुन्हा थोडे चालणे, पुन्हा एक हायकू. हिराइझुमी येथे एका वैभवशाली घराण्याची राजधानी होती. बाशो पोहोचला तेव्हा तिथे गवत माजलेले होते. तो आपली टोपी अंथरून बसला आणि वेळेचे भान हरपेपर्यंत रडला, असे त्याने लिहिले आहे. फोटो काढण्यासारखे तिथे काहीच उरले नव्हते, म्हणूनच की काय, हायकू अजरामर झाला!

बाशोने आपल्या देशाबाहेर पाऊल टाकले नाही. पण त्याची कविता मात्र देशोदेशी हिंडली, आणि तिला नेले ते प्रवासी कवींनीच. 1916 साली रवींद्रनाथ जपानला गेले आणि 'जापान-यात्री' या पुस्तकात त्यांनी बाशोचे हायकू बंगालीत आणले. आपल्याकडे मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. तिकडे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोतला होसे हुआन ताब्लादा हा तरुण कवी 1900 साली जपानला जाऊन आला आणि 1919 मध्ये त्याने हायकूच्या धर्तीवरचे स्पॅनिश कवितांचे पुस्तक काढले. त्याच मेक्सिकोत पुढे ओक्तावियो पाझ नावाचा कवी झाला. हा 1952 साली काही महिने जपानात राहिला आणि 1957 मध्ये त्याने एका जपानी मित्राच्या मदतीने बाशोचे ते प्रवासाचे पुस्तक स्पॅनिशमध्ये आणले.

इतके सगळे सांगितले ते या पाझसाठी. कारण बाशोच्या त्या अरुंद वाटेचा एक फाटा याच्याबरोबर थेट आपल्या दाराशी, मुंबईच्या गेटवेपाशी येऊन पोहोचतो.

पाझ पहिल्यांदा मुंबईत उतरला तो 1951 च्या नोव्हेंबरात, बोटीने. मेक्सिकोच्या वकिलातीतला एक लहान अधिकारी म्हणून. पुढे 1962 साली तो राजदूत होऊन दिल्लीला आला आणि सहा वर्षे राहिला. या मुक्कामात त्याने हुमायूनच्या कबरीवर, लोदी बागेवर, उदयपूरवर, मदुराईवर, कोचीवर, वृंदावनावर कविता लिहिल्या. दिल्लीतल्या कडुनिंबाच्या झाडाखाली त्याचे लग्न झाले. 1969 साली या कविता 'पूर्वेचा उतार' अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात आल्या. पुढे 1990 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याचे दिल्लीतले राजदूतपण सुखाने संपले नाही. 2 ऑक्टोबर 1968 रोजी मेक्सिको शहरात, ऑलिंपिक सामने दहा दिवसांवर आले असता, तिथल्या सरकारने निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार केला. पाझने निषेध म्हणून राजदूतपद सोडले. सामानसुमान आवरून नवराबायको मुंबईला आली. इथून बोटीने युरोपला जायचे होते. हातातली नोकरी गेलेली, मायदेशी परतण्याची सोय नाही, आणि जो देश आपलासा झाला तोही सुटणार. निघण्यापूर्वीच्या रविवारी ही दोघे घारापुरीची लेणी पाहायला गेली. त्या दिवसाची कविता आहे: 'एलिफंटा बेटावरचा रविवार'.

कवितेचे भाग दोन. पहिला शाप, दुसरा प्रार्थना.

शाप कोणाला? ज्यांनी त्या मूर्ती फोडल्या त्यांना तर आहेच. पण आधी मान मिळाला आहे तो रविवारच्या सहलीला येऊन मूर्तींच्या पायाशी खरकटे आणि कचरा टाकणाऱ्या गर्दीला. त्यांना पुन्हा पुन्हा घाणीतच जन्म मिळो, असा तो शाप आहे. रागावलेला माणूस मेक्सिकोचा; पण शाप पाहा, पुनर्जन्माचा! सहा वर्षांत आपल्याकडून तो एवढे तरी शिकला होता.

ही कविता मी इंग्रजी भाषांतरात प्रथम वाचली तेव्हा माझे कान तापले. कारण ती गर्दी माझ्या चांगल्या ओळखीची होती. अठरा वर्षांपूर्वी, नोकरीला नुकताच लागलो असताना, मी कॉलेजच्या पन्नास मुलांची सहल घेऊन घारापुरीला गेलो होतो. गेटवेवरून तासाभराचा लाँचचा प्रवास, गाण्यांच्या भेंड्या, मग पायऱ्या, माकडे, चिंचा आणि कणसे. लेण्याच्या दाराशीच आम्ही बटाटेवडे सोडले. मूर्ती पाहायला जेमतेम वीस मिनिटे उरली. कोणीतरी त्रिमूर्तीच्या पुढे 'हॅलो' ओरडून प्रतिध्वनी येतो का ते पाहिले. कागदी पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, चटणीचे बोळे तिथेच सोडून आम्ही शेवटची लाँच गाठली. दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला: 'सहल अत्यंत यशस्वी झाली.' ज्या वर्षी पाझने तो शाप दिला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पण शाप बरोबर माझ्या पत्त्यावर येऊन पोहोचला.

यंदा मी ही कविता वर्गात सांगितली. सांगून होताच शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. मुलगा बुद्धीने तल्लख, पण जिभेला धार. म्हणाला, "सर, आमच्या घरात येऊन आम्हांला शिव्या द्यायचा या पाहुण्याला अधिकार काय? ती लेणी पाहायला गरीब माणसं वर्षातून एखाद्या रविवारी जातात, डबा घेऊन जातात. राजदूताला काय कळणार?"

वर्गात टाळ्या पडल्या. मी गप्प झालो, कारण प्रश्न खरा होता. परदेशावर लिहिणाऱ्या कवीला हा धोका कायमचा असतो. चार दिवस राहायचे, दोन गोष्टी पाहायच्या आणि यजमानाला उपदेश करायचा! पाहुण्याची नजर ताजी असते हे खरे. पण ताजी नजर म्हणजे न्यायी नजर नव्हे. यजमानाच्या घरी सुतक आहे की सण हेही पाहुण्याला कधी कधी कळत नाही.

"अधिकार नाहीच," मी त्याला म्हणालो. "पण कविता तिथे संपत नाही ना! पुढचा भाग वाच."

पुढच्या भागात तो शिव-पार्वतीपुढे उभा राहतो. देव म्हणून तुम्हांला भजत नाही, माणसातल्या देवत्वाच्या प्रतिमा म्हणून भजतो, असे स्पष्ट सांगतो. श्रद्धेचे खोटे सोंग तो आणत नाही. आणि शेवटी दोघे नवराबायको त्या दोघांपुढे आपल्यासाठी जे मागतात ते फारच थोडे आहे: नोकरी नाही, देश नाही, सूडही नाही. जमिनीवर आणि समुद्रावर पडलेल्या उजेडापलीकडे त्यांना काही नको आहे. शाप देणारा हाच माणूस आहे, आणि त्याच्याजवळ त्या दिवशी मागण्यासारखे किती होते ते आपल्याला ठाऊक आहे. रागाने आत शिरलेला पाहुणा बाहेर पडतो तो हात जोडून. मला वाटते, परक्या भूमीवरच्या कवितेची परीक्षा इथेच होते. कवी जसा गेला तसाच परत आला, तर ते फक्त वर्णन. जाताना एक आणि येताना दुसराच होऊन आला, तर ती कविता.

मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. तास संपल्यावर दाराशी येऊन म्हणाला, "सर, आपण जाऊन बघू या का?"

मग आम्ही गेलो. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून रविवारच धरला; म्हणजे कवितेतलाच वार. या वेळी बारा मुले होती आणि बरोबर दोन रिकाम्या गोण्या. सौभाग्यवतींच्या आग्रहावरून शेजारचे काका-काकूही निघाले. चाळीस वर्षे मुंबईत राहून दोघांनी घारापुरी पाहिली नव्हती! स्वित्झर्लंड आधी झाले आणि समोरच्या खाडीतले बेट राहून गेले. त्यांना कशाला हसू? ज्याच्या घरात गंगा, त्याला स्नानाची घाई नसते.

लाँचमध्ये मी मुलांना सांगितले, की सहाव्या शतकाच्या सुमारास ही लेणी डोंगराच्या अखंड पाषाणात कोरली. पोर्तुगीजांनी इथला दगडी हत्ती पाहून बेटाला एलिफंटा नाव दिले. तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आहे. 1987 साली युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाचा मान दिला. आणि बेटावरच्या तीन पाड्यांतून राहणाऱ्या माणसांच्या घरी कायमची वीज पोहोचली ती 2018 साली. समोर मुंबईचा झगमगाट पाहत त्यांनी एवढी वर्षे काढली.

"मग कचऱ्याचा शाप नेमका कोणाला द्यायचा?" तो मुलगा पुटपुटला. मी उत्तर दिले नाही.

पायऱ्या चढताना एक बेटावरचीच बाई झाडू घेऊन पत्रावळी गोळा करीत होती. मुलाने न बोलता गोणीचे तोंड उघडून तिच्यापुढे धरले. बाई म्हणाली, "रोजचंच आहे बाबा. रविवारचं जरा जास्त." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ज्याला खरा शाप द्यायचा अधिकार होता त्या माणसाने तो दिलाच नाही, हे पाहून मुलगा वर जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

लेण्यात शिरताच उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना आधी काही दिसेना. मग अंधारातून पाच मीटरहून उंच ती त्रिमूर्ती हळूहळू वर आली. या वेळी कोणी 'हॅलो' म्हटले नाही.

काकू पुढे गेल्या आणि कल्याणसुंदराच्या शिल्पापाशी थांबल्या. शिव-पार्वतीच्या लग्नाचा हा देखावा. वधूची मान किंचित लवलेली आहे. चेहऱ्यावर संकोच आहे आणि आनंदही आहे. हात मात्र बरेचसे तुटलेले. काकू बराच वेळ पाहत राहिल्या. काका मागून मोबाईल सरसावून म्हणाले, "अगं, जरा बाजूला हो. तुझा फोटो घेतो."

काकू बाजूला झाल्या नाहीत. मूर्तीवरची नजर न काढता म्हणाल्या, "बघा ना, हात तुटले, पण पाणिग्रहण काही सुटलं नाही हो."

त्या मुलाने खिशातून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतले.

काकांनी मोबाईल खिशात ठेवला आणि ते काकूंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.